बाहीत बाही

मी इस्त्री बोलतेय. घरात कपाटावर ठेवतात तसली हलकी, प्लॅस्टिकच्या मुठीची इस्त्री नव्हे. सात किलो वजनाची, बिडाच्या तळाची, लाकडी मुठीची लाँड्रीतली इस्त्री. मला उचलायला मनगटात जोर लागतो आणि खाली ठेवायला अक्कल लागते. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून कोणी नावं ठेवायला नको. मी मत्सरी आहे. अगदी पहिल्यापासून.

दुकानातल्या पंख्याचा मला मत्सर वाटतो. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्याकडे बघतं आणि "हुश्श" म्हणतं. तो बसल्या जागी गोल गोल फिरतो, एवढंच त्याचं काम. मी दिवसभर तापून यांचे शर्ट सरळ करते, तर माझ्याकडे बघून म्हणतात, "बापरे, किती उकडतंय इथे!" असल्या जगात कोणाचं मन साफ राहील?

माझा जन्म एका ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात मला ओतलं, गार केलं आणि मग एका कारागिराने दोन दिवस माझा तळ घासला. शेवटी एक डोळा मिटून त्याने तळावरून नजर फिरवली. "सरळ आहे," तो म्हणाला. "आता हिच्या नशिबात कोणाचा हात आहे बघू." माझ्या शेजारी फळीवर माझ्यासारखीच एक होती. ती माझ्याआधी विकली गेली. माझा पहिला मत्सर तो.

मला म्हाताऱ्या मालकांनी विकत घेतलं. ते गेले, आणि दुकानाबरोबर मी त्यांच्या मुलाकडे आले. त्यांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गल्ला, तिथे दादांची बायको बसते, ती सगळ्यांची वहिनी. मागे धुलाईचं मशीन आणि वाळत घालायच्या दोऱ्या. मधे माझं टेबल, जुन्या ब्लँकेटच्या चार घड्या आणि त्यावर पांढरी चादर ताणून बसवलेलं. टेबलाशेजारी खिडकी आहे. तिच्यातून मला रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावरचे चुरगळलेले कपडे दिसतात. कोणी कुठे इस्त्री करून घेतली ते मला चालत्या माणसाच्या पाठीवरून कळतं.

दादा माणूस चांगला, हात वाईट. पँटला एकाच्या जागी दोन चुण्या पाडायचे. मला असं घाईने फिरवायचे, जणू बस सुटत होती. त्यांच्या डाव्या मनगटावर एक लांबट डाग आहे, तो माझा. मुद्दाम नाही दिला, पण दिला तेव्हा फार वाईटही वाटलं नाही.

मग बाई आली.

बारा वर्षं झाली त्याला. जाहिरात नव्हती, ओळख नव्हती. दारात उभी राहून तिने दादांना विचारलं, "इस्त्रीला माणूस हवंय का?" दादांनी टेबलाकडे हात केला. बाईने मला उचललं, तोललं आणि परत ठेवलं. पिशवीतून मेणबत्तीचा तुकडा काढला, चिंधीत गुंडाळला आणि माझ्या तळावर फिरवला. कित्येक वर्षं साचलेली खळ दोन मिनिटांत निघाली. मला आठवत नाही त्याआधी कोणी माझा तळ पुसला होता का. माझ्या मुठीला एक चीर होती, ती हाताला टोचायची. दुसऱ्या दिवशी बाई जुन्या सदऱ्याची पट्टी घेऊन आली आणि तिने ती मुठीवर घट्ट गुंडाळली. त्या दिवसापासून मी तिची झाले. ती माझी झाली असंही मी गृहीत धरलं. तिला विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तिची घडी कशी होती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शर्ट पालथा घालायची. डावी बाही मागे दुमडायची, मग उजवी. आणि इथे इतर लोक थांबतात तिथे ती थांबायची नाही. डाव्या बाहीचं टोक ती उजव्या बाहीच्या टोकात सारायची. बाहीत बाही. मग तळहाताने एक हलकी थाप. असा शर्ट गठ्ठ्यात कितीही हलला, तरी बाह्या बाहेर लोंबत नाहीत. तिच्या आईने तिला शिकवलेली घडी होती ती. आईही आयुष्यभर इस्त्रीचंच काम करत होती, आता तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. अख्ख्या गावात ही घडी घालणारं दुसरं कोणी नव्हतं, हे मी छातीठोक सांगते. मला छाती नसली तरी.

गिऱ्हाइकं वाढली. एक वकील होते, नाकावर माशी बसू न देणारे. आठवड्याला सहा पांढरे शर्ट टाकायचे. पूर्वी दर वेळी भांडायचे, बाई आल्यावर भांडायचे थांबले. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बाई म्हणजे आमच्या घरच्यासारख्या." बाई हसायची. मी मनात म्हणायची, घरच्यासारखी तुमची असेल, माझी ती नुसती माझी आहे.

संध्याकाळी काम संपलं की बाई लगेच जायची नाही. माझं बटण बंद करून मला स्टँडवर ठेवायची आणि मी निवेपर्यंत शेजारी स्टुलावर बसायची. मी निवले की तळ पुसायची, मगच पिशवी उचलायची. तेवढा वेळ फक्त आमचा दोघींचा होता.

गेल्या वर्षी ते बंद झालं.

सहाचा ठोका पडला की बाई बटण बंद करायची आणि मी तापलेली असतानाच निघून जायची. उरलेले कपडे, कधी वकिलांचे शर्टही, मग दादा आपल्या हाताने उरकायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आई आजारी असेल. आठवडाभर वाटलं. महिनाभरानंतर मला संशय आला. सकाळी तिचा हात माझ्या मुठीवर पडला की त्याला वेगळ्या साबणाचा वास यायचा, महागड्या, फुलांच्या. आमच्या दुकानात असला साबण नाही. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी एक नवीन घट्टा आला होता, आणि तो माझ्या मुठीचा नव्हता. बारा वर्षांत माझ्या मुठीने तिच्या हातावर कुठे काय केलंय ते मला पाठ आहे. हा घट्टा दुसरीचा होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला कळणार! सवत होती ती. कुठेतरी सवत होती, तापलेली, बहुतेक वाफेवरची, नव्या फॅशनची. बाई रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होती. मी सूड म्हणून थोडीशी अडून बसायची, चादरीच्या शिवणीत अडकायची. बाईच्या लक्षातही यायचं नाही. तिचे डोळे झोपेने जड असायचे.

त्याच सुमारास माझी कॉइल जळली. दुपारी बारा वाजता मी गार पडले. दादांनी हातातला गठ्ठा टाकला आणि धावत जाऊन इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. तो म्हणाला, "जुनी आहे, कॉइल महाग पडेल."

"महाग असू दे," दादा म्हणाले. "हिच्याशिवाय दुकान चालेल का? आत्ताच्या आत्ता बसवा."

तीन वाजता मी पुन्हा तापले. मला केवढा अभिमान वाटला! मी बाईकडे बघितलं, हिला कळू दे माझी किंमत. बाईने माझी मूठ धरली आणि हसत हसत म्हणाली, "हिचं बरं आहे, दादा. जळली की नवी कॉइल. न मागता. आमची कॉइल जळली तर?"

दादाही हसले. "तुमची कुठे जळतेय, बाई! तुम्ही तर आमच्यापेक्षा दणकट."

बाईने माझ्यावर अशी नजर टाकली, की मी क्षणभर तापायची विसरले. ती नजर मला ओळखीची होती. पंख्याकडे मी तशीच बघते. बाईला माझा मत्सर वाटत होता. माझा! मी तिच्या सवतीवर दात-ओठ खात होते, आणि ती माझ्या कॉइलवर डोळा ठेवून होती. यात काय समजायचं ते मला त्या दिवशी कळलं नाही. खरं म्हणजे मला कळून घ्यायचं नव्हतं.

मग तो नियम आला. दुकान लहान असो की मोठं, एक माणूस कामाला असो की शंभर, त्याला जगण्यापुरता पगार द्यायचाच, अशी बातमी गावभर पसरली. नियम अजून पक्का व्हायचा होता, दुकानदारांना आपलं म्हणणं मांडायला मुदत होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी दुपारी आळीतले दुकानदार आमच्याकडे जमले, कारण मोठं टेबल आमच्याकडेच. मी स्टँडवर बसून सगळं ऐकत होते. बाईही होती. कुठल्याशा समारंभाचे टेबलक्लॉथ तातडीने हवे होते, म्हणून ती रविवारी आली होती आणि टेबलाच्या एका टोकाला काम करत होती.

"मोठ्यांचं काय, ते बिलात लावतील," बेकरीवाला म्हणाला. "मी पावाचा भाव जरासा वाढवला तरी गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे जातं. मी द्यायचे कुठून?"

"जगण्यापुरता पगार मलाच कोण देतं?" शिंपी म्हणाला. "कायद्याने मला द्या, मी उद्या दुकान बंद करून नोकरी धरतो!"

सगळे हसले. पण शिंपी खोटं बोलत नव्हता. त्याच्या चपलेचा अंगठा तीनदा शिवलेला होता. दादांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली मी स्वतः दर आठवड्याला बघते. हे लोक लबाड नव्हते. घाबरलेले होते.

"आमच्या बाईंचंच घ्या," दादा म्हणाले. "घरच्यासारख्या आहेत. घरच्या माणसाला कायदा कशाला?"

बाई टेबलक्लॉथची कड सरळ करत होती. तिने मान वर केली नाही.

लहान दुकानांना या नियमातून सूट मिळावी, असं निवेदन बेकरीवाल्याने टाइप करून आणलं होतं. खिशात कोंबून आणल्यामुळे कागद पार चुरगळला होता. शिंप्याने नाक मुरडलं. "असा कागद साहेबाच्या टेबलावर ठेवणार?"

"अहो, बसलोय कुठे आपण?" बेकरीवाला म्हणाला. "बाई, जरा इस्त्री फिरवा यावर."

दुकानात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दादांनाही नाही. बाईने हात पुसले. माझं बटण बंद करून जरा वेळ थांबली, कारण कागदाला माझी पूर्ण धग चालत नाही. कागदावर पातळ फडकं पसरायच्या आधी तिने तो वाचला. मग मला हळूहळू एकेक ओळ करत फिरवलं. एका ओळीवर ती थांबली. त्या ओळीत लिहिलं होतं, की लहान दुकानांतले कामगार समाधानी असून त्यांची कोणतीही तक्रार नाही.

मी श्वास रोखला. म्हटलं, ठेव. आणखी थोडा वेळ ठेव मला इथेच, मी हा कागद असा पिवळा करते की वाचता येणार नाही. मग तिने मला उचललं आणि पुढच्या ओळीवर नेलं. कागद असा झाला, जणू आत्ताच कारखान्यातून निघाला. बाईला वाईट इस्त्री करताच येत नाही, हीच तिची खोड.

"घ्या, दादा," ती म्हणाली. "सरळ झालाय."

बेकरीवाल्याने सही केली, शिंप्याने केली, इतर चार-पाच जणांनी केली. सोमवारी तो कागद कचेरीत नेऊन द्यायचं काम दादांकडे होतं. "मी उद्या नेताना करतो सही," असं म्हणून त्यांनी बाईकडे न बघता कागद फळीवर ठेवला. मला तेव्हा वाटलं, हा माणूस सही करणार नाही. थोडी लाज आहे त्याच्यात.

सोमवारी सकाळी वकील आले. तीन महिन्यांत ते फिरकले नव्हते. दादा म्हणायचे, गावाला गेले असतील. वकिलांनी हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. एक चुरगळलेला पांढरा शर्ट आणि एक इस्त्री केलेला.

"एवढा एक आत्ता करून द्या, कोर्टात जायचंय," ते म्हणाले. "चौकातल्या हॉटेलाची लाँड्री आज बंद आहे, बॉयलर बिघडलाय. आता बाहेरचेही कपडे घेतात ते. आणि दादा, रागावू नका, पण घडी अशी हवी, पूर्वी इथे असायची तशी. शिका जरा त्यांच्याकडून." त्यांनी इस्त्री केलेला शर्ट बाईपुढे सरकवला.

डाव्या बाहीचं टोक उजव्या बाहीत होतं.

मी दादांच्या आधी ओळखलं. बाईच्या हाताची घडी, आणि तिच्यात माझी ऊब नाही! परक्या वाफेचा मऊपणा, फुलांच्या साबणाचा वास. रोज संध्याकाळी सहाला ती कुठे जाते ते माझ्यापुढे घडी होऊन पडलं होतं. मी इतकी तापले की चादरीचा वास यायला लागला.

बाईने वकिलांचा शर्ट केला. तशीच घडी घातली. वकिलांनी दोन्ही शर्ट शेजारी ठेवून पाहिले आणि खूश झाले. "वा! बघा, मनात आणलं तर जमतं की." पैसे देऊन ते गेले.

वहिनी गल्ल्यावरून उठून मधे आली. दादांनी विचारलं, "किती दिवस?"

"वर्ष झालं," बाई म्हणाली. "सहा ते दहा."

"म्हणजे आमचं गिऱ्हाईक तुम्ही पळवलंत."

"मी गिऱ्हाईक नाही पळवलं, दादा. मी घड्या घातल्या. ते घडीच्या मागून आले."

"एवढी वर्षं इथलं मीठ..." दादांचा आवाज चिरकला. "काही कमी पडत होतं तर बोलायचं होतं मला!"

"तीनदा बोलले. तुम्ही दर वेळी म्हणालात, बघू." बाईचा आवाज चढला नव्हता. "इथला पगार वीस तारखेपर्यंत पुरतो. उरलेले दहा दिवस मी तिकडे कमावते. आई संध्याकाळपासून एकटी बसते, तिला दिसत नाही म्हणून चूलसुद्धा पेटवत नाही. मी दहाला जाते तेव्हा जेवते ती. त्यांनी मला पूर्ण वेळ बोलावलंय. दोन्हीकडचं मिळून जेवढं होतं तेवढं एकट्या दिवसपाळीचं देतात. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"का नाही म्हटलंत?"

बाईने माझ्या मुठीवरची पट्टी उगाचच घट्ट केली. "बारा वर्षं झाली ना," ती म्हणाली.

हाच तो क्षण होता. मी सगळा जीव एकवटून दादांकडे बघत होते. वहिनीसुद्धा बघत होती. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की बसा बाई, काय करता येईल ते बघू, या वेळी खरोखर बघू. पण दादांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे हॉटेल होतं, तिथली वाफ, तिथली बाई. हिशेबाची भीती केव्हाच मागे पडली होती. उरला होता निव्वळ मत्सर.

"मग जा तिकडेच!" असं म्हणून त्यांनी फळीवरून तो कागद ओढला, माझ्या टेबलावर पसरला आणि सही केली. इतक्या जोरात, की बाईने सरळ केलेला कागद पेनाच्या टोकाने फाटला.

आणि मला तो माणूस सख्खा भाऊ वाटला. आम्ही दोघंही तिला आपली म्हणत होतो, ती दुसरीकडे गेली म्हणून धुमसत होतो. वीस तारखेनंतर ती काय खाते, ते त्याने विचारलं नव्हतं आणि मीही नाही. मी तिच्या हाताचा वास घेतला, घट्टे मोजले, पण त्या हाताला दिवसात चौदा तास का राबावं लागतं, याचा विचार मला एकदाही शिवला नाही. असल्या मत्सराला प्रेम म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

बाईने महिना पुरा केला. शेवटच्या दिवशी सहा वाजता तिने बटण बंद केलं आणि गेली नाही. स्टुलावर बसून राहिली. मी निवले तेव्हा तिने मेणबत्तीने माझा तळ पुसला, मुठीवरची जुनी पट्टी सोडली आणि नवी बांधली. "पुढच्याचा हात सोलला जायला नको," ती वहिनीला म्हणाली. मग पिशवी उचलून गेली.

पुढचा माणूस आलाच नाही. त्या पगारात येणारे दोघं आले. एकाने तीन दिवसांत दोन चादरी जाळल्या, दुसरा आठवड्याने सांगून गेला की पाव भाजण्यात जास्त मिळतात. आता दादाच मला फिरवतात. पँटला पुन्हा दोन चुण्या पडतात. एकदा मी त्यांना पाहिलं, ते एका शर्टाची डावी बाही उजवीत सारायचा प्रयत्न करत होते. टोक दर वेळी निसटत होतं. चार वेळा करून त्यांनी शर्ट तसाच गुंडाळला.

"बाई गेल्या म्हणून रागावलाय," वहिनी त्यांना म्हणाली, "की त्यांना जाऊ दिलंत म्हणून?" दादांनी तो शर्ट उलगडून पुन्हा टेबलावर पालथा घातला.

सूट मिळाली. कचेरीतून पत्र आलं, की पाचपेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नियम लागू नाही. बेकरीवाल्याने आळीत सगळ्यांना केक वाटला. दादांनी पत्र वाचलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून माझ्याखाली ठेवलं. मी तेव्हा गार होते. आमच्याकडे आता गठ्ठे कमी येतात, त्यामुळे मी बराच वेळ गारच असते. सात किलोचा कागददाबा झाले आहे मी, आणि माझ्याखाली कोणता कागद आहे ते तुम्हाला सांगितलंच.

काल मात्र एक गोष्ट घडली.

सहा वाजले होते. खिडकीतून मला रस्त्यावर बाई दिसली. बारा वर्षांत तिला सहा वाजता मी असं कधी बघितलं नव्हतं, हातात पिशवी नाही, पायांत घाई नाही. तिच्याबरोबर एक म्हातारी होती, जाड चष्म्याची, पाय चाचपत टाकणारी. तिची आई. म्हातारीने लेकीच्या कोपरात हात अडकवला होता आणि दोघींच्या बाह्या एकमेकींत गेल्या होत्या. मला पुन्हा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. पण या वेळी तो आला आणि निवून गेला. ती संध्याकाळ पहिल्यापासून या म्हातारीची होती. मी स्टुलावरचा तो वेळ माझा समजत होते, आणि हॉटेलने हिरावला म्हणून कुढत होते.

दोघी दारात थांबल्या. वहिनीने लगबगीने खुर्च्या पुढे केल्या. म्हातारीने टेबलावर हात फिरवला, एक शर्ट तिच्या हाताला लागला. बोटांनी तिने तो चाचपला.

"ही घडी कोणाची गं? बाही बाहेर लोंबतेय."

"माझी," दादा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

म्हातारीचा हात माझ्यावर आला. "हीच का ती? जड आहे चांगली." मग तिने तळावर बोट टेकवलं. "गार पडलीय."

दादांनी तो शर्ट बाजूला सारला. मग म्हणाले, "बाई, परत येता का? भाव वाढवायचे म्हणतोय मी. वकील तिकडे दीडपट देतात आणि ब्र काढत नाहीत. बाकीचे काय करतील माहीत नाही. काही जातील. पण तुमचं... मी विचार करतोय."

"सूट मिळाली ना तुम्हाला?"

"मिळाली," दादा म्हणाले. त्यांनी मला बाजूला करून ते पत्र उचललं, आणि त्याचं काय करायचं ते न सुचून हातातच धरून ठेवलं.

बाईने माझी मूठ धरली. पट्टी सैल झाली होती, ती तिने सवयीने आवळली. "दादा, हिची कॉइल जळली तेव्हा तुम्ही किती विचार केला होता?"

दादांनी हातातल्या पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"काहीच नाही," गल्ल्यावरून वहिनी म्हणाली. "पळतच सुटले होते."

"मग तेवढाच करा," बाई म्हणाली. "उद्या सहाला आम्ही दोघी इथूनच फिरायला जाणार आहोत. काय ठरलं ते विचारीन."

आणि आईचा हात धरून ती गेली. चौकात वळेपर्यंत मला त्यांच्या बाह्या दिसत होत्या.

तेव्हापासून दादा गल्ल्यावर बसून आहेत. वहिनी एकेका कपड्याचा नवा भाव पाटीवर खडूने लिहितेय आणि दादा तो पुसून जरासा कमी करतायत, मग पुन्हा वाढवतायत. शाळेच्या गणवेशापाशी दोघं अडलेत. गणवेश टाकणारी माणसं काही वकील नाहीत. लहान दुकानाला हे झेपेल का, मला माहीत नाही. मी इस्त्री आहे, मला आकडेमोड येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की माझी कॉइल बसवताना कोणी निवेदन लिहिलं नव्हतं, सह्या गोळा केल्या नव्हत्या. माझ्याशिवाय दुकान चालत नाही, म्हणून मला जे लागतं ते मिळालं. तिच्याशिवायही चाललं नाही, हे आता या खोलीत सगळ्यांना दिसतंय.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या दुकानात, तुमच्या घरात कोणी घरच्यासारखं असेल, तर त्याला एकदा विचारा, तुझा पगार कोणत्या तारखेपर्यंत पुरतो? आणि उत्तर मिळालं की 'बघू' म्हणू नका.

आता साडेपाच वाजलेत. दादा उठलेत. त्यांनी टेबलावरची चादर बदलली, स्टूल पुसून खिडकीपाशी ठेवलं, मग आणखी एक ठेवलं, आईसाठी. गिऱ्हाइकाचा एकही कपडा करायचा उरलेला नाही, तरी त्यांनी माझं बटण चालू केलं आहे. मी तापतेय.